पाव फेरा

हनीफशेठ गेल्याचं मला एका शुक्रवारी कळलं. भिवंडीत शुक्रवार ओळखायला कॅलेंडर लागत नाही. लूम बंद असतात, आणि सहा दिवस ज्या खडखडाटालाच आपण शांतता समजतो तो थांबला की कानात पोकळी झाल्यासारखी वाटते. धामणकर नाक्यावरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी एका टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलत होतो. शेजारचा घड्याळवाला सलीम फळीवर हात टेकून म्हणाला, "डॉक्टर, तुमचे हनीफशेठ गेले. सकाळीच. दुपारून, असरच्या नमाजानंतर नेणार आहेत." मी पट्टा बसवला, झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. त्यानंतर मला काय वाटलं ते कागदावर उतरवायला पाच आठवडे लागले... मला हायसं वाटलं. दर शुक्रवारी दुकानाच्या पायरीवर बसून "डॉक्टर, कान कसे आहेत तुझे?" असं विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

जनाज्याला मी गेलो. खांदाही दिला. तिथे खांदा एकाकडे फार वेळ राहत नाही, माणसं पुढे सरकत मागच्याला जागा देतात. पंधरा-वीस पावलं चाललो असेन. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे, आणि हनीफशेठबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याआधी हे सांगायला हवं की कितीतरी वर्षं मी त्या माणसाचं वाईट चिंतलं. नुसतं चिंतलं नाही, केलंही.

माझे वडील बाळाराम. आमचं गाव दापोड्याच्या अलीकडे. भातशेती होती, पण ती चार महिन्यांची. म्हणून ते हनीफशेठच्या कारखान्यात लूम चालवायला लागले आणि पुढे बारा महिने तेच करत राहिले. एका माणसाकडे चार लूम. त्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो. कामगार एकमेकांचे ओठ वाचतात, बोटांनी बोलतात. चहाला एक खूण, तुटलेल्या धाग्याला एक, मुकादम येतोय याला एक. लूम मात्र कानानंच चालवावा लागतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना ठेका जरा चुकला की चांगला कारागीर पाठमोरा असला तरी वळतो. वडील तसे होते. पण वीस वर्षांत त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज जातात. सायकलची घंटी, चिमण्या. आई म्हणायची, "मी मागं उभी ऱ्हाऊन बांगड्या वाजवल्या तरी याला पत्त्या न्हाय."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी विशीत होतो, रेडिओदुरुस्ती शिकत होतो. एक दिवस वडील डबा घरी विसरले म्हणून तो घेऊन कारखान्यात गेलो. त्यांच्या एका लूमवर धोटा अडकून ताण्याचे कितीतरी धागे तुटले होते आणि ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. हनीफशेठ स्वतः खाली आले होते. त्यांनी आजूबाजूचे लूम थांबवायला लावले. वडील दाराकडे पाठ करून, वाकून धागे जोडत होते. शेठ त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहिले आणि म्हणाले, "बाळाराम." मग जरा मोठ्यानं, "बाळाराम." तिसऱ्या वेळी त्यांनी नावाऐवजी आईवरून शिवी घातली. वडील धागेच जोडत राहिले. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. शेठ मुकादमाला म्हणाले, "लूम गळा काढून रडतोय आणि हा बसलाय सासुरवाडीला आल्यासारखा. बहिऱ्याच्या हातात कापड देऊ मी?" पुन्हा हशा. तेवढ्यात वडील कशासाठी तरी वळले. सगळे हसताना दिसले. काहीतरी गंमत झाली असेल असं समजून तेही हसले.

मी डबा दाराशी ठेवला आणि बाहेर आलो. त्या हसण्याबद्दल मी वडिलांना कधीच सांगितलं नाही. आठवड्याच्या शेवटी त्यांचं काम सुटलं. ते घरी येऊन म्हणाले, "लूम त्यांचा हाय. माजं कान गेलं त्याला शेठ काय करील?" त्यांच्या वाटचा राग मग मी सांभाळला. शिवी तर कोणीही देतं. पण ज्या हसण्यात त्याचंच हसू होत होतं त्यात माझा बाप सामील झाला होता, आणि ते त्याचं तोंड मी रोज पाहत होतो.

पुढे मी दुकान टाकलं. ज्या गावात निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं तिथे रेडिओ मोठ्यानं लागतात आणि स्पीकर लवकर फाटतात. धंदा बरा चालला. आणि एका शुक्रवारी हनीफशेठ पायरी चढून आले. त्यांनी मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. वर्षभरापूर्वी त्यांची बायको वारली होती. मुलगी नसीम कुवेतला दिलेली. जावयानं तिकडून हेडफोन आणला होता. जर्मन बनावटीचा, जड, कान पूर्ण झाकणारा, मखमलीच्या गाद्यांचा, लाकडी पेटीत ठेवलेला. असा हेडफोन मी तोवर फक्त मासिकातल्या चित्रात पाहिला होता. शेठनं तो घरच्या रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनला लावला होता आणि वैतागले होते. म्हणाले, "एवढं मोठं नाव, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा." मी म्हणालो, शेठ, हा नुसता कान आहे. याच्याशी बोलणारं तोंड चांगलं पाहिजे. टू-इन-वनच्या त्या बारक्या भोकात याला हलवण्याएवढा जोर नाही. हे त्यांना एकदम पटलं. ते स्वतः लूम जुळवणारे होते. मोटर दुबळी असेल तर चांगला लूमही रडतो हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

मग तीन-चार महिने आम्ही दोघं त्या हेडफोनला जोड शोधत होतो. खरं सांगायचं तर माझ्या कामातले ते सगळ्यात सुखाचे महिने... आणि ज्याच्यासोबत ते गेले त्याचं नाव ऐकलं तरी माझे दात आवळले जायचे. आधी रेकॉर्ड प्लेअर आणला. माझ्या दुकानात तो सुरेख वाजला. पण शेठचं घर कारखान्याच्या माडीवर. खाली लूम सुरू झाले की वरची फरशी थरथरते. सुईनं गाण्याबरोबर तो थरकापही उचलला आणि हेडफोननं तो इमानदारीनं कानात ओतला. शेठ हेडफोन काढून म्हणाले, "हा तर माझाच कारखाना मला ऐकवतोय." मग जावयाच्या ओळखीनं सीडी प्लेअर आला. तेव्हा ती नवलाई होती. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. शेठनं दहा मिनिटं ऐकलं आणि हळूच विचारलं, "यात कॅसेट लागत नाही ना?"

तेव्हा त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. एवढे दिवस ती ते दर खेपेला बरोबर आणत होते आणि तशीच परत नेत होते. पुतणीच्या मेंदीच्या दिवशी आतल्या खोलीत बायकांनी म्हटलेली गाणी नसीमनं टेप केली होती. ढोलकी, टाळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे एक आवाज, तो त्यांच्या बायकोचा. शेठनं तिचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नाही, "घरातून" म्हणायचे. "यात घरातल्या बायका आहेत," ते म्हणाले. "कुणा परक्याला मी ऐकवणार नाही. पण डॉक्टरसमोर कुणी पडदा धरत नाही. तू आमचा डॉक्टर." माझं डॉक्टर हे नाव तिथलं आहे. नाक्यावर सगळे त्याच नावानं हाक मारतात, आणि ते कशावरून पडलं हे आता फक्त मला माहीत आहे.

म्हणजे एवढ्या हुडकण्याला कारण ती एक कॅसेट होती. मी मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक परदेशी कॅसेट डेक मिळवला. वापरलेला, पण आतून कोरा, हेडफोनसाठी वेगळा जोर असलेला. तो शुक्रवारी दुकानात लावला. शेठ डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात हवेत उठला आणि बोटं हलायला लागली, लूमच्या ठेक्याकडे लक्ष असताना हलतात तशी. "बांगड्या," ते म्हणाले. "टाळी वाजवताना तिच्या बांगड्या... काचेच्या. डॉक्टर, मी ह्या विसरलोच होतो." त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. प्रत्येक टाळीमागे बारीक किणकिण होती, आणि एका ठिकाणी ती बाई गाता गाता हसली होती. टू-इन-वननं हे सगळं गिळलं होतं. डेक ठरला. टू-इन-वन बदल्यात माझ्याकडे राहिला. मी म्हणालो, दोन दिवस द्या, साफसफाई करून घरी आणून लावतो.

शेठ पायरी उतरताना खुशीत होते. पाठीवर थाप मारून म्हणाले, "कान शाबूत असले तर सगळं आहे, डॉक्टर. माझ्याकडे होता एक बहिरा. मागून आई काढली त्याची, तर वळून दात दाखवतो." आणि हसत हसत गेले.

दोन दिवस मी डेकला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं. कॅसेटची फीत ज्या हेडवरून सरकते तो हेड दोन स्क्रूंवर बसलेला असतो. त्यातल्या एकानं त्याचा कल ठरतो. डेक कंपनीतून येताना त्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा थेंब टाकलेला असतो, तो हलू नये म्हणून. मी थेंब फोडला आणि स्क्रू पाव फेरा फिरवला. पाव फेऱ्यानं गाणं बिघडत नाही. बाईचा आवाज येतो, ढोलकी येते. फक्त वरचे बारीक आवाज जातात. सायकलची घंटी. चिमण्या. बांगड्या.

डेक मी सोमवारी लावला, खाली लूम चालू असताना. शेठनं कॅसेट घातली, ऐकली, मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग माझ्याकडे पाहिलं. "बांगड्या येत नाहीत रे." मी हेडफोन घेऊन कानाला लावला, नीट ऐकल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, "मला तर येतायत, शेठ. स्वच्छ येतायत." मीच पुढे समजावलं. त्या शुक्रवारी कान विसावलेले होते. एरवी तीस वर्षं लुमांत काढलेला कान, तो कधीतरी जाणारच. आपल्या गावात कुणाचा नाही गेला? भिवंडीत यावर कोण शंका घेणार? बाकी कुठल्याही गावात माणसानं मशीनला दोष दिला असता. आमच्याकडे तो कानाला देतात. दुसऱ्या कुणाला ऐकवून बघावं तर कॅसेट घरातली. जुना टू-इन-वन माझ्याकडे. शेठनं हेडफोन उतरवला, गाद्या हातानं पुसल्या आणि म्हणाले, "तुझे कान चांगले आहेत."

जिना उतरताना मी त्या लूमपाशी थांबलो, जिथे वडील वाकून धागे जोडत होते. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हे लपवलं तर लिहिण्यात अर्थ नाही. कित्येक महिने बरं वाटत राहिलं. दर तीन महिन्यांनी मी हेड साफ करायला जायचो, आणि शेठ विचारायचे, "अजून येतायत का बांगड्या?" मी म्हणायचो, येतायत. ते कॅसेट माझ्याकडून ऐकून घ्यायचे. आता कितवी टाळी, आता ती हसली का. स्वतःच्या बायकोच्या बांगड्या तो माणूस माझ्या तोंडून ऐकत होता आणि मी त्या चवीचवीनं सांगत होतो.

वर्षभरानं त्यांनी एकदा मला बसवून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर, तुला तो बहिऱ्याचा किस्सा सांगितला होता. तो किस्सा नव्हता रे. चांगला कारागीर होता. मी त्याच्या पाठीमागं उभा राहून... आता माझ्या मागं कुणी हसलं तर मला काय कळणार, असं रोज वाटतं." मी तेव्हा सांगू शकलो असतो. झाकण उघडायला एक मिनिट लागलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, "तो माझा बाप, शेठ."

मला वाटलं होतं ते कोसळतील. तसं झालं नाही. आणि पुढच्या शुक्रवारी मला न विचारता रिक्षा करून आमच्या गावी आले. वडील ओट्यावर वाल सोलत होते. शेठला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला किळस आली. दोघं समोरासमोर बसले आणि कारखान्यातल्यासारखे ओठांनी, बोटांनी बोलायला लागले. शेठचे ओठ "माफ कर" म्हणाले. वडिलांनी वाचलं आणि मोठ्यानं विचारलं, "कशापायी?" तेव्हा शेठच्या लक्षात आलं की यांना ती तिसरी हाक माहीतच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. ते म्हणाले, "कामावरून काढलं म्हणून." वडील हसले. "तुमी काय वाईट केलंव? आता तुमालाबी ऐकाया येत न्हाय म्हनं. या मग, बसू दोघं." जाताना त्यांनी शेठच्या हातात वालाची पिशवी दिली. शेठनं माझ्या बापाला वाचवलं, आणि त्याबद्दलही मी त्यांच्यावर चिडलो. चांगलं वागून त्यांनी माझा सूड नासवला होता. स्क्रू मात्र मी फिरवला नाही. वडील तीन वर्षांपूर्वी गेले तोवर शेठ अधूनमधून गावी येत राहिले. दोन माणसं ओट्यावर खुणांनी बोलायची, आणि त्यांतल्या एकाला चांगलं ऐकू येत होतं. हे फक्त मला ठाऊक होतं. निदान तेव्हा मी असं समजत होतो.

कारण पाचेक वर्षांपूर्वी एक बदल झाला होता. शेठनं हेड साफ करायला मला बोलावणं बंद केलं. म्हणाले, आता त्यात काय उरलंय. उलट ते स्वतः दर शुक्रवारी दुकानावर यायला लागले. पायरीवर बसायचे, बशीत चहा ओतून प्यायचे, सलीमची टर उडवायचे, "तुझ्या दुकानात पन्नास घड्याळं आणि तुला नमाजला रोज उशीर." आणि उठताना मला विचारायचे, "डॉक्टर, कान कसे आहेत तुझे?" मी म्हणायचो, चांगले आहेत, शेठ. मला वाटायचं म्हातारा काळजीनं विचारतोय.

जनाज्यानंतर तिसऱ्या आठवड्यात नसीम दुकानात आली. कुवेतला परत निघाली होती. रिक्षातून तिनं चादरीत बांधलेला डेक आणि ती लाकडी पेटी उतरवली. "अब्बांनी सांगून ठेवलं होतं, हे डॉक्टरला द्या." मग ती फळीपाशीच उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी ती आली असताना शेठनं तिला हौसेनं कॅसेट ऐकवली होती. तिच्याकडे कुवेतला त्याच टेपची दुसरी प्रत होती. ती सहज म्हणाली, अब्बा, माझ्या कॅसेटमध्ये अम्मीच्या बांगड्या ऐकू येतात, यात कुठे गेल्या? पुढच्या शुक्रवारी शेठनं स्वतः झाकण उघडलं, हेडफोन लावला आणि लूम जुळवायचे तसा कान देऊन तो स्क्रू केसाकेसानं फिरवत बसले. "आवाज आला तेव्हा रडले. मग माझी नेलपॉलिश मागितली. मी म्हटलं मेकॅनिकला बोलावून विचारा तरी. तर म्हणाले, त्याला काय विचारायचं, त्याला माहीत आहे." मग तिनं विचारलं, "चुकून झालं होतं ना, दादा?"

सोपं होतं. तिनं उत्तरही हातात दिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "चुकून नाही."

तिनं मान डोलावली. "अब्बांनीही हेच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही तरी हो म्हणाल." कॅसेट तिच्या पर्समध्ये होती, ती तिनं ठेवून घेतली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "अजून एक म्हणाले होते. डेक त्यालाच दे, त्याचे कान चांगले आहेत."

त्या संध्याकाळी मी झाकण उघडलं. माझ्या फोडलेल्या पांढऱ्या थेंबाचा चुरा अजून कडेला होता आणि स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक गोल, वाळून कडक झालेला थेंब. पाच वर्षं. प्रत्येक शुक्रवार. माझं "चांगले आहेत, शेठ" ऐकून ते बशी खाली ठेवायचे आणि काठी टेकत निघून जायचे... माझ्या बापाशी त्यांनी जे केलं ते मी अजून माफ केलेलं नाही, हे लिहितानाही नाही. त्यांनीही मला केलं नाही. त्यांचं मात्र कौतुक करावं लागेल. माझ्यापेक्षा त्यांनी ते सफाईनं केलं.

डेक आता दुकानात मागच्या भिंतीशी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी विकत नाही. शुक्रवारी नाक्यावरचा खडखडाट थांबला की मी रस्त्याकडे पाठ करून त्याच्यासमोर बसतो आणि हेडफोन चढवतो. ती कॅसेट नाही, म्हणून हाताला येईल ती लावतो. कधी लावतही नाही. गाद्यांना अजून त्यांच्या अत्तराचा वास आहे. परवा असाच बसलो होतो. का कोण जाणे, मागे वळलो. फळीपाशी सलीम होता, दोन गिऱ्हाइकं होती, चहावाला होता. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. सलीमचे ओठ मला वाचता आले. तीन हाका मारल्या, डॉक्टर.

मीही हसलो.